पाच ते साडेसहा: बालहक्क समितीच्या चेअरमनबाईंची वही

सोमवार, ३ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.०५

आजपासून रोजनिशी. बालहक्क कार्यालयातल्या ऑफिसरबाई म्हणाल्या, समितीच्या चेअरमनने रोजच्या कामाची नोंद ठेवावी. चेअरमन म्हणजे मी. कालच झाले, तेही एकमताने. खालच्या हॉलमध्ये मीटिंग होती. बाईंनी विचारलं, मुलांच्या हक्कांच्या कामासाठी वेळ कुणाकडे आहे? सगळे एक पाऊल मागे सरकले. माझे गुडघे आखडलेले, मला सरकता येईना. त्यामुळे मी पुढे दिसले. टाळ्या वाजल्या.

वही खाजगी आहे. कुणी वाचायची नाही. मला तर वाचताच येत नाही, म्हणजे गुप्तता पक्की. अक्षरांची आणि माझी ओळख कुणी करून दिली नाही, आकडे तेवढे कळतात. लिहायला नात आहे. दहा वर्षांची, पाचवीत, अक्षर टपोरं. मी तिला चिटणीस म्हणते. साडेचारला शाळेतून येते, दूध पिते, पाचला वही घेऊन माझ्यासमोर बसते. साडेसहाला मी तिला मोकळी करते. नाहीतरी त्या वेळात ती करणार काय? खाली मैदानात नुसती धावाधाव.

चिटणीस आताच म्हणाली, आजी, हेही लिहू का? म्हटलं, तोंडातून पडेल ते सगळं लिही. चेअरमनने काही लपवू नये.

ऑफिसरबाईंनी मुलांचे हक्क पाच बोटांवर सांगितले. जगण्याचा, शिकण्याचा, सुरक्षित राहण्याचा, खेळण्याचा आणि आपलं म्हणणं मांडण्याचा. मी तिथल्या तिथे पाठ केले. पाठांतरात माझा हात कुणी धरणार नाही. इतर लोक कागदावर लिहून घेत होते आणि कागद खुर्चीवर विसरून गेले.

संकल्प: महिन्याभरात या दोन बिल्डिंगांमध्ये एकही पिडलेलं मूल शिल्लक ठेवायचं नाही.


मंगळवार, ४ नोव्हेंबर. ५.००

समितीत दोनच माणसं. मी आणि तळमजल्यावरच्या शिंपीणबाई. बाकीच्यांनी तब्येतीची कारणं सांगितली. परवा याच तब्येती जिने उतरून हॉलमध्ये बिस्किटं खायला आल्या होत्या.

शिंपीणबाई कामसू आहेत, पण बोलणं कमी. तोंडात कायम टाचण्या. काहीही विचारा, हूं म्हणतात. त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

ऑफिसरबाईंनी फोनवर सांगितलं, समितीत एक तरी मूल असावं. मी म्हटलं, मुलांची बाजू मी मांडते की, मीही एकेकाळी मूल होते. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

आज महत्त्वाचा नियम केला. तक्रारीचा डबा ठेवायचा. तक्रार आली की शिंपीणबाईंनी आधी कात्रीने वरची पट्टी कापायची, जिच्यावर तक्रार करणाऱ्याचं आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्याचं, दोघांची नावं असतील. पट्टी बटणांच्या डब्यात ठेवायची. मग उरलेला कागद मला वाचून दाखवायचा. नावं निकालाच्या दिवशीच फुटणार. म्हणजे चेअरमनला आपला कोण, परका कोण, कळायलाच नको. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा प्रकार आमच्याकडे चालणार नाही.

शिंपीणबाईंनी टाचण्या काढून विचारलं, आजी, नक्की ना? मी म्हटलं, नक्की म्हणजे नक्की. त्या हूं म्हणाल्या.

चिटणीस खिडकीशी बसून लिहिते. दर दोन ओळींनी खाली बघते. लेखकांना मोकळी हवा लागतेच.


गुरुवार, ६ नोव्हेंबर. ५.१०

पॉलिसी सांगायला घेतली. ऑफिसरबाई म्हणाल्या होत्या, अर्ध्या पानाची पुरे. अर्ध्या पानात मुलांवर अन्याय होईल. माझी एकवीस कलमं झाली. चिटणिसीने तीन प्रती काढल्या: एक डब्यावर लावायला, एक नोटिसबोर्डाला, एक शिंपीणबाईंना.

कलम चार: मुलाला त्याच्या खेळाच्या वेळेत कुणी कामाला लावू नये.
कलम पाच: काम घरातलं असलं, प्रेमाने सांगितलेलं असलं, तरी ते कामच.
कलम एकवीस: निकाल मान्य नसेल त्याने चेअरमनकडे अपील करावं. चेअरमनचा शब्द शेवटचा.

कलम चार लिहिताना चिटणीस थांबली. म्हणाली, आजी, हे परत सांग. मी परत सांगितलं. म्हणाली, अजून एकदा. पोरीला कायद्याची गोडी लागली आहे. आजीवर गेली आहे.

बोटं दुखतात म्हणाली. मी म्हटलं, झटक. झटकली. लिहायला लागली.

साडेसहाचे सात झाले आज. तिला सांगितलं, उद्या अर्धा तास लवकर सोडीन. उद्याचं उद्या.


शनिवार, ८ नोव्हेंबर. ५.२०

आज पहिली सुटका केली. म्हणजे केली होती.

सकाळी आमच्याच मजल्यावर, लिफ्टशेजारच्या विजेच्या पेटीत, एक कोवळं पोर वायरी ओढताना दिसलं. मिसरूड म्हणावं तर नाही, मनगट काडीसारखं. माझ्या काळजात चर्र झालं. मी त्याचा हात धरला आणि घरात आणून बसवलं. तोंड धुवायला लावलं. समोर बिस्किटं ठेवली. विचारलं, बाळा, शाळा का सोडलीस? तो म्हणाला, आजी, दहावीनंतर मन लागेना. मी म्हटलं, तुला कामाला कुणी लावलं, घाबरू नकोस, नाव सांग. तो म्हणाला, सासऱ्यांनी.

मी म्हटलं, बालविवाहसुद्धा.

चिटणिसीला हेल्पलाइनचा नंबर लावायला सांगणार, तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. बायकोचा. धाकटीचं औषध आणायचं राहिलं म्हणून. तो सत्तावीस वर्षांचा आहे. थोरली बालवाडीत जाते. उंची आईकडून आली म्हणाला. बिस्किटं मात्र सगळी खाल्ली.

या सगळ्यात लिफ्ट दोन तास बंद राहिली. सून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चार मजले चढून आली. एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं पार गच्चीपर्यंत ऐकू गेलं असेल.

चूक माझी नाही. हल्लीची माणसं वयाप्रमाणे दिसतच नाहीत.


सोमवार, १० नोव्हेंबर. ५.००

डबा उघडला. आत दोन चॉकलेटचे कागद, एक इस्त्रीची पावती आणि एक मोजा.

शिंपीणबाई म्हणाल्या, मोजा पुरावा म्हणून ठेवू का? मी म्हटलं, थट्टा नको. त्या म्हणाल्या, हूं.

तक्रार नाही याचा अर्थ मुलं सुखी आहेत असा होत नाही. मुलं दबलेली आहेत. घरोघरी मोठ्या माणसांचा धाक. आमच्या घरासारखं मोकळं वातावरण सगळीकडे कुठून असणार? इथे चिटणीस मला काहीही बोलू शकते. आज म्हणाली, आजी, आजच्या दिवस जाऊ? मी म्हटलं, बघ, मोकळेपणाने विचारलंस की नाही. मग कलम अठरा नीट करायला घेतलं.


बुधवार, १२ नोव्हेंबर. ५.१५

जनजागृती करायची ठरवली. रविवारी सकाळी बालहक्क फेरी. मुलांनी पाट्या घेऊन मैदानाभोवती फिरायचं, घोषणा द्यायच्या. ऑफिसरबाईंनाही बोलावलं आहे.

पाट्या बारा. चिटणीस रंगवते आहे. आत्ता आठवी चालू आहे: ‘आमचा खेळ, आमचा हक्क.’ खालून मुलांचा गलका येतो आहे. म्हटलं, खिडकी लाव, तुझं लक्ष उडतं. लावली तिने. काचेला नाक लावून लावली.

मध्येच दार वाजलं. वॉचमनची मुलगी. अकरा वर्षांची. पळते म्हणून तिला सगळे वीज म्हणतात. धापा टाकत म्हणाली, आजी, हिला खाली पाठवा ना, रिलेचा सराव आहे. हिच्याशिवाय तीनच जणी आहोत. दांडी तिसरीच्या हातात येते आणि पुढे कुणीच नसतं. ती नुसती उभी राहते.

मी समजावलं, बाळा, ती तुमच्याच हक्कांसाठी बसली आहे. वीज पाट्यांकडे बघत राहिली. मग चिटणिसीकडे बघितलं. दोघी काहीतरी डोळ्यांनी बोलल्या. मुलींच्या गुप्त गोष्टी, मोठ्यांनी नाक खुपसू नये. तोही त्यांचा हक्क.


रविवार, १६ नोव्हेंबर. ५.३०

फेरी पार पडली. फेरीपेक्षा पार पडणं जास्त झालं.

नऊची वेळ दिली होती. ऑफिसरबाई सव्वाअकराला आल्या. तोवर मुलं ओळीत उभी. मी खुर्चीवर, छत्रीखाली. घोषणांची तालीम सात वेळा घेतली. विश्रांतीच्या हक्काची पाटी ज्या मुलाकडे होती तो मटकन खाली बसला. मी म्हटलं, ऊठ, विश्रांतीची पाटी खाली दिसली तर बरं दिसत नाही. दोघांना शू लागली. मी म्हटलं, आणखी एक घोषणा, मग जा. एकाला थांबवेना. ‘सुरक्षित बालपण’ची पाटी त्याने पुढे धरली म्हणून लाज राखली गेली.

वीज तोंड फुगवून म्हणाली, आज सकाळी सराव होता आमचा. पुढच्या रविवारी शर्यत आहे. मी म्हटलं, आज खेळाच्या हक्काची फेरी आहे, खेळ उद्या.

ऑफिसरबाई आल्या, मुलांची तोंडं बघितली आणि म्हणाल्या, आधी यांना पाणी द्या. भाषण न करताच सगळ्यांना पळा म्हणाल्या. बारा मुलं एका क्षणात गायब. अशी एकजूट मी कधी पाहिली नाही. हे फेरीचंच यश.

निघताना ऑफिसरबाई मला म्हणाल्या, आजी, तुम्ही मुलांसाठी फार बोलता, एकदा मुलांचं ऐकून बघा. मी म्हटलं, अहो, तेच त्यांना दोन तास समजावून सांगत होते.


मंगळवार, १८ नोव्हेंबर. ५.००

तक्रार आली.

शिंपीणबाई स्वतः चार मजले चढून आल्या. माझ्यासमोर कात्री चालवली, पट्टी कापली, मुठीत धरली. कापण्याआधी त्यांनी पट्टी वाचली की काय, असं मला वाटलं. चेहऱ्यावरून काही कळेना. टाचण्या होत्या.

मग वाचून दाखवलं. मी तिथल्या तिथे पाठ केलं, आता जसंच्या तसं सांगते:

‘आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगी आहे. ती शाळेतून आली की तिला रोज पाच ते साडेसहा एका जागी बसवून तिच्याकडून काम करून घेतात. कधी सातसुद्धा होतात. सुट्टी नाही. रविवारी पण नाही. बोटं दुखली तर झटक म्हणतात. ती रिलेत चौथी आहे. सराव पाचलाच असतो. शर्यत २३ तारखेला आहे. शुक्रवारी ती आली नाही तर तिच्या जागी दुसरी घेणार. तिला पळायचं आहे. काम घेणारं माणूस वाईट नाही. फक्त त्याच्या लक्षात येत नाही.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटची दोन वाक्यं तर बघा. एवढा छळ, आणि वर म्हणते वाईट नाही. इतकी दबली आहे पोर.

लक्षात येत नाही म्हणे. न यायला काय झालं? दीड तास समोर लेकरू बसलंय आणि त्याचं मन कुठे आहे ते दिसत नाही, असं माणूस असतं का?

शिंपीणबाई म्हणाल्या, असतात काही. आणि गेल्या.

संकल्प: शुक्रवारच्या आत या मुलीची सुटका. मग माझे गुडघे राहोत की जावोत.


बुधवार, १९ नोव्हेंबर. ५.१०

तपास. बसल्या जागी केला, कारण पायऱ्या.

संशयित पहिली: दुसऱ्या मजल्यावरची पेटी शिकवणारी. तिच्याकडे मुली एका जागी बसतात. पण त्यांच्या आयाच पैसे भरतात आणि मुली पेटी वाजवतातही इतकी वाईट की सोसावं लागतं ते शेजाऱ्यांनाच.

संशयित दुसऱ्या: खुद्द शिंपीणबाई. बोटं दुखणं, एका जागी बसणं. बटणं लावून घेत असतील. फोन करून आडून विचारलं, तुमच्याकडे पाच ते साडेसहा कोण असतं हो? म्हणाल्या, माझं मशीन. आणि तुमच्याकडे? मी म्हटलं, माझ्याकडे चिटणीस. म्हणाल्या, हूं. या बाईच्या हूंमध्ये आज काहीतरी होतं. संशय कायम.

मुलाला रात्री जेवताना विचारणार आहे. तो बँकेत आहे, माणसं ओळखतो.

चिटणिसीला विचारलं, अशी मुलगी तुझ्या ओळखीची आहे का? म्हणाली, थोडी. कशी आहे? म्हणाली, चांगली आहे. काय काम करते? म्हणाली, आजी, चेअरमनने नावापर्यंत जाऊ नये, तुझाच नियम आहे. मी ओशाळले. पोर कायद्यात मला मागे टाकणार.

कुणी म्हणेल, तुमचीही नात याच वेळात बसते. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण ते काम नव्हे. मी बोलते, ती लिहिते, दोघींचा वेळ जातो. याला संस्कार म्हणतात.


गुरुवार, २० नोव्हेंबर. ५.००

मुलाला काल विचारलं. त्याला ठसका लागला. सुनेने त्याच्या पाठीवर थापटलं आणि दोघं स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ आली नाहीत. घरात सगळ्यांनाच हे प्रकरण लागलं आहे.

आरोपी सापडला नाही, तरी निकाल थांबवता येत नाही. उद्याचा शुक्रवार. शर्यतीत नाव राहायचं तर उद्याच. ऑफिसरबाईंना फोन केला, उद्या पाचला मैदानातच निकाल वाचा, सगळ्या मुलांसमोर. त्या म्हणाल्या, आधी त्या माणसाशी शांतपणे बोलावं असं नाही वाटत? मी म्हटलं, अशा माणसाशी शांतपणे बोललं की ते स्वतःचंच बोलत बसतं.

निकाल असा:

एक. सदर व्यक्तीने मुलीला पाच ते साडेसहा तात्काळ मोकळं करावं. कायमचं.

दोन. माफी मागावी. चिटणीस म्हणाली, आजी, माफी की जाहीर माफी? मी म्हटलं, जाहीर. म्हणाली, उभं राहून? म्हटलं, अर्थात उभं राहून. म्हणाली, गुडघे दुखत असतील तर? काय मायाळू पोर आहे. म्हटलं, बरं, खुर्ची चालेल.

तीन. शर्यतीच्या दिवशी सदर व्यक्तीने सगळ्या मुलांच्या चपला-बूट सांभाळावेत. म्हणजे मुलांनी धावायचं आणि मोठ्यांनी राखायचं, हा धडा मिळेल. ही कल्पना चिटणिसीची. मला फारच आवडली.

चार. सदर व्यक्तीला आपण मुलांचं भलं करतो असा भ्रम असल्यास तो तिने तक्रारीच्या डब्यात टाकावा.

चौथं माझं आहे. सुचलं तेव्हा माझी मीच खूश झाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो अशा लोकांच्या घरी.

चिटणीस आज एकदाही खिडकीकडे वळली नाही. जीभ बाहेर काढून लिहीत होती. एवढ्या मनापासून तिने आजवर काही लिहिलं नव्हतं. मी अंगठा उठवला. ठसठशीत उठला. निकाल पाकिटात घालून तीच पळत शिंपीणबाईंना देऊन आली. परत यायला वीस मिनिटं लावली. रागावले नाही. आज मन मोठं आहे.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.४०

आज मी लिहायला बोलावलं नव्हतं. चिटणीस आपणहून वही घेऊन आली. म्हणाली, आजी, आजचं तर लिहायलाच पाहिजे. केस घामाने चिकटलेले, गुडघ्यावर माती.

तर झालं असं. पाचला मला लिफ्टने खाली नेलं, मैदानात खुर्ची दिली. मुलं गोलात बसली. वॉचमन होता. तो सत्तावीस वर्षांचा बालकामगार शिडीवर चढून मैदानाचा दिवा लावत होता. मुलगा ऑफिसमधून लवकर आला होता. मी म्हटलं, बघा, किती जागरूक झालाय. सून गॅलरीतून बघत होती.

ऑफिसरबाईंनी निकाल वाचला. प्रत्येक कलमाला टाळ्या. चौथ्याला शिडीवरूनही. मी मान लववून घेतल्या.

मग शिंपीणबाईंनी बटणांचा डबा उघडला आणि पट्टी काढली. कागदाला जोडली. कात्रीची रेघ बरोबर जुळली. ऑफिसरबाईंनी वाचलं: तक्रार देणार, वीज आणि रिलेच्या बाकी दोघी. मुलगी, चौथा मजला, चिटणीस. सदर व्यक्ती, तिची आजी.

मला वाटलं, दुसरी कुणी आजी असेल. चौथ्या मजल्यावर दोनच घरं. समोरच्या घरात तीन पोरं भाड्याने राहतात, ढोलक वाजवतात. त्यांच्यात आजी नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी शिंपीणबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, आजी, मी विचारलं होतं, नक्की ना? एवढं लांब वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या.

मी म्हटलं, मला अपील करायचं आहे. ऑफिसरबाईंनी पॉलिसी उलगडली. कलम एकवीस: अपील चेअरमनकडे. म्हणजे माझ्याकडे. मी माझं अपील ऐकून घेतलं. माझी बाजू भक्कम होती. हे संस्कार आहेत, पोरीचं अक्षर सुधारलं, समितीचं काम मुलांसाठीच आहे, एकट्या म्हातारीचा वेळ जातो.

तेवढ्यात चिटणिसीकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिघी जिथे उभ्या राहतात त्या चुन्याच्या रेघेकडे बघत होती. चौथी जागा रिकामी होती. तिने चप्पल आधीच काढून ठेवली होती.

अपील फेटाळलं.

माफी मागितली. खुर्चीतून उठून मागितली, सवलत घेतली नाही. मुलांनी विचार करून माफ केलं. फेरीत शू झालेल्या मुलाने सगळ्यात शेवटी केलं. ऑफिसरबाई म्हणाल्या, आजी, स्वतःवर निकाल देणारी चेअरमन मी पहिल्यांदाच पाहिली. मी म्हटलं, माहीत असतं तर दिला नसता.

चिटणीस म्हणते, हे पण लिहू? लिही बाई.

आता ती म्हणते, दहा मिनिटं झाली, जेवायचं आहे. पूर्वी असं म्हणत नव्हती. गेले तीन आठवडे रोज म्हणत होती, असं ती म्हणते.


रविवार, २३ नोव्हेंबर. दुपारी १.१५

आज लिहिणारा मी, मुलगा. चिटणीस उपलब्ध नाही. खाली आहे.

आई अर्धा तास बोलली. सगळं लिहिणं मला झेपत नाही, म्हणून आशय देतो. शर्यत झाली. पाच संघ होते. आमचा तिसरा आला. तिसऱ्या आणि चौथ्या हातात दांडी बदलताना पडली होती, सराव दोनच दिवसांचा. पण माझ्या मुलीने उचलली आणि दोघींना मागे टाकलं. ती तिसऱ्या नंबरवर खूश आहे. आईचं म्हणणं, पंचांना कमी दिसतं, पहिलाच नंबर होता.

आईने एकोणीस जोड सांभाळले. परत करताना सतरा नीट गेले. एका मुलाला दोन डावे बूट मिळाले. दोन उजव्यांचा शोध चालू आहे. आईचं म्हणणं, मुलांचे पायच हल्ली वेळेवर वाढत नाहीत.

आई म्हणते, पुढच्या आठवड्यापासून रोजनिशी तूच लिही, तू सज्ञान आहेस, कायद्यात बसतो. मी म्हटलं, पाच ते साडेसहा मी बँकेत असतो. ती म्हणाली, रजा काढ.

मी पेन ठेवणार होतो. तर म्हणाली, ती पळते कशी ते मी आज पहिल्यांदा बघितलं. चौथ्या मजल्यावरून मला नुसता गलका ऐकू यायचा.

आणि लगेच म्हणाली, हे खोड.

मी खोडलं म्हणून सांगितलं. तिला वाचता येत नाही.